खोक्यातल्या पुस्तिकेबद्दल : गेम-प्रकाशकांना अनावृत पत्र

प्रति,
व्हिडिओ गेम प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि त्यांचे भारतातील वितरक यांस

विषय : गेमसोबत मिळणारे छापील मॅन्युअल बंद केल्याबाबत आणि त्याच्या जागी काय द्यावे याबाबत

स. न. वि. वि.

एप्रिल २०१० मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने जाहीर केले की प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरच्या आपल्या गेमसोबत यापुढे छापील मॅन्युअल नसेल, ते पडद्यावरच वाचायला मिळेल. कारण पर्यावरणाचे दिले होते, आणि एक टन कागदासाठी सरासरी १३ झाडांचे दोन टन लाकूड लागते, असा हिशेबही सोबत मांडला होता. पुढच्या वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तोच मार्ग धरला. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांवर पुस्तिका यंत्राच्या आत नेल्या, आणि २०१७ मध्ये त्यांचे स्विच हे यंत्र आले तेव्हा बहुतेक खोक्यांत कार्ट्रिजपलीकडे वाचण्याजोगे काही उरले नव्हते. हे सगळे इतके सावकाश आणि बिनबोभाट झाले की त्याला निर्णय म्हणावे असे कुणाला वाटलेच नाही.

आज हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण मात्र ताजे आहे. २०२५ मध्ये स्विच २ सोबत ‘गेम-की कार्ड’ हा प्रकार बाजारात आला. दुकानातून खोका आणायचा, आतले कार्ड यंत्रात घालायचे, आणि खेळ मात्र इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. आधी खोक्यातून पुस्तिका गेली, आता काही खोक्यांतून खेळही गेला. पहिली गोष्ट आम्ही मुकाट्याने मान्य केली म्हणून दुसरी करणे सोपे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांची मॅन्युअल लिहिण्याचे काम करतो. यंत्र कसे बसवायचे, कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा, कोणता दिवा लागला तर काय समजायचे, हे ज्याने ते यंत्र कधी पाहिलेले नाही त्याला कागदावर समजावून सांगणे हा माझा व्यवसाय आहे, आणि या व्यवसायाकडे मला ओढले ते एका गेमच्या मॅन्युअलने. माझ्या पिढीतल्या बहुतेक मुलांच्या घरी जे टीव्ही गेम आले ते निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या गेम-यंत्राची नक्कल करणारे होते. त्यांच्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असे, आत तेच मूठभर खेळ फिरून फिरून येत, आणि वाचायला म्हणून सोबत काहीही नसे. अशात आखातात नोकरीला असलेल्या मामांनी सुपर मारिओ ब्रदर्सचा मूळ खोका आणला. त्यातल्या पुस्तिकेत लिहिले होते की कूपा नावाच्या कासवांच्या टोळीने मश्रूमच्या राज्यातल्या शांतताप्रिय प्रजेवर जादू करून तिचे दगड, विटा आणि झुडपे करून टाकले आहे. आम्ही गल्लीतली सगळी मुले वर्षानुवर्षे त्या विटा डोक्याने फोडत आलो होतो.

ही गोष्ट पडद्यावर कुठेही येत नाही. शत्रूंची नावेही येत नाहीत. तो अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे; युनिकोड मराठीत लिहिलेल्या या पत्राची फाइलही जवळपास तेवढीच भरेल. कथा, पात्रे, नकाशा यांना चिपमध्ये जागा नव्हती म्हणून ती कागदावर गेली, आणि कागदावर गेली म्हणून तो कागद खेळाचा भाग झाला. अमेरिकेतल्या इन्फोकॉम कंपनीने १९८२ च्या ‘डेडलाइन’ या खुनाच्या तपासाच्या गेममध्ये जबाब आणि प्रयोगशाळेचा अहवाल खोक्यात घातला, तेही फ्लॉपीवर मजकूर मावत नव्हता म्हणूनच. पुढे जागेची अडचण संपली तरी ही रीत संपली नाही, कारण लिहिणाऱ्यांना तिची गोडी लागली होती. १९९७ च्या ‘फॉलआउट’ची पुस्तिका अणुयुद्धानंतर भुयारी आश्रयस्थानात राहणाऱ्या माणसाला दिलेली मार्गदर्शिका म्हणून लिहिलेली आहे, आणि तिच्या शेवटी पाककृतीसुद्धा आहेत. मॅन्युअल लिहिणाऱ्या माणसाला याहून जास्त मोकळीक कोणत्या उद्योगाने दिली असेल असे मला वाटत नाही. आम्हाला कॉम्प्रेसरच्या मॅन्युअलमध्ये विशेषण वापरायचीही चोरी असते.

त्या कागदाची किंमत आपल्याला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. नकला रोखण्यासाठी आपण त्याचेच कुलूप केले होते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या डॉस (म्हणजे त्या काळच्या संगणकांवरच्या) आवृत्तीत पहिला टप्पा संपला की अक्षरे लिहिलेल्या कुप्यांच्या दालनात यावे लागे, आणि मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचे आद्याक्षर असलेली कुपी प्यावी लागे. आपल्याकडे तो गेम कार्यालयांतल्या संगणकांवर एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर पसरला, आणि मॅन्युअल कुणाकडेच नसल्यामुळे त्या दालनाशी अडलेले राजपुत्र गावोगावी होते. ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये १९९८ साली मेरिल या पात्राशी रेडिओवर बोलण्यासाठी लागणारी १४०.१५ ही फ्रीक्वेन्सी डिस्कच्या खोक्याच्या मागच्या बाजूला छापलेली होती. पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटातली नक्कल विकत घेणाऱ्याला ती मिळणे शक्यच नव्हते. ‘स्टारट्रॉपिक्स’ या १९९० च्या गेमसोबत नायकाच्या काकांचे पत्र येई. ते पाण्यात बुडवल्यावर ७४७ हा आकडा उमटे, आणि त्याशिवाय पुढे जाता येत नसे. निन्टेंडोने हा गेम वी कन्सोलवर पुन्हा आणला तेव्हा पडद्यावरच्या पुस्तिकेत ते पत्र पाण्यात बुडवण्याची सोय करून द्यावी लागली. पुस्तिका गळली तर खेळ अपुरा राहतो, याची ही आपलीच कबुली आहे.

आता तक्रारी. पहिली, दिलेल्या कारणाविषयी.

कागद वाचवणे चांगले, यात दुमत नाही. पण पर्यावरणासाठी ज्या खोक्यातून काही पानांची पुस्तिका काढली तो प्लॅस्टिकचा खोका तसाच राहिला, आणि त्याच खेळांच्या खास आवृत्त्यांत हातभर उंचीचे प्लॅस्टिकचे पुतळे येऊ लागले. पिन मारलेली एका फर्म्याची, म्हणजे एकाच मोठ्या छापील कागदाच्या घडीतून होणारी, पुस्तिका मोठ्या संख्येने छापली तर एका प्रतीला किती खर्च येतो, हे छापखान्यांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे मला नीट माहीत आहे. प्लेस्टेशन ५ च्या ज्या गेमला भारतात ४,९९९ रुपये मोजावे लागतात त्याच्या किमतीत तो खर्च दिसणारही नाही. खर्च वाचवायचा होता तर तसे सांगायचे होते, आणि वाचलेल्या पैशातला काही भाग किमतीत दिसायला हवा होता. शिवाय पुस्तिका गेली तरी तिची गरज गेली नाही, आणि ती गरज वेगळे पैसे घेऊन भागवणारी जाडजूड मार्गदर्शक पुस्तके पुढे कितीतरी वर्षे दुकानांत होती. ती छापणाऱ्या प्रायमा गेम्सने छपाई थांबवण्याचे जाहीर केले ते थेट २०१८ मध्ये.

दुसरी तक्रार सर्वांत मोठी आहे. पुस्तिकेच्या जागी आपण जे दिले ते पुस्तिकेचे काम करत नाही.

आपले उत्तर मला ठाऊक आहे : आता खेळच खेळायला शिकवतो, मॅन्युअल कोण वाचतो? खेळाने शिकवावे हे मलाही मान्य आहे. सुपर मारिओ ब्रदर्सचा पहिला टप्पा एक शब्द न बोलता उडी मारायला शिकवतो, आणि त्याहून चांगले मॅन्युअल मी लिहू शकणार नाही. परंतु शिकवणे वेगळे आणि शोधता येणे वेगळे. कारखान्यात नवीन यंत्र आले की कंपनीचा माणूस येऊन सगळ्यांना ते चालवून दाखवतो. तरीही यंत्राशेजारी मॅन्युअल ठेवावेच लागते, कारण तीन महिन्यांनी रात्रपाळीत अलार्म वाजतो तेव्हा तो माणूस तिथे नसतो आणि त्याने काय सांगितले होते ते कुणाला आठवत नसते. आपल्या खेळांतले शिकवणीचे टप्पे हे त्या माणसासारखे आहेत. ते एकदा येतात आणि निघून जातात. परीक्षा, आजारपण किंवा नोकरीतली बदली यांमुळे एखादा खेळ काही महिने बाजूला ठेवून पुन्हा उघडणाऱ्या माणसाला कोणते बटण कशाचे हे आठवत नाही, आणि ते शोधण्यासाठी त्याच्यापुढे दोनच मार्ग असतात : जतन केलेला खेळ सोडून पहिल्यापासून सुरुवात करायची, किंवा कुणा अनोळखी माणसाचा व्हिडिओ पाहत बसायचे. मेनूमध्ये कुठेतरी बटणांचा तक्ता असतो हे खरे. तो बारीक अक्षरात असतो, पाहायचा तर खेळ थांबवावा लागतो, आणि खेळाकडे परतले की डोळ्यांसमोरून जातो.

याशिवाय पुस्तिका ही यंत्राबाहेर वाचता येत होती. टीव्ही घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असताना, वीज गेलेली असताना, बसमध्ये, जेवताना ती वाचली जाई. एक भाऊ खेळत असे आणि दुसरा शेजारी बसून कुठे जायचे ते सांगत असे. मुलगा नेमके काय खेळतो आहे हे बघायचे असेल तर आई ती चाळून पाहू शकत असे. आज त्या आईला हाती कंट्रोलर घ्यावा लागेल. खेळापूर्वीचे हे वाचन खेळाची तयारी होते, आणि ‘सिव्हिलायझेशन’सारख्या १९९१ च्या गेममध्ये तर ते जवळजवळ अनिवार्य होते, तिथल्या शोधांची आणि राज्यपद्धतींची गुंतागुंत पडद्यावरच्या सूचनांनी उलगडणारी नव्हती.

माहिती बदलत राहते, खेळात पहिल्याच दिवशी दुरुस्त्या येतात, छापलेले लगेच जुने होते, हा आक्षेपही ऐकला आहे. तो निम्मा खरा आहे. आकडे आणि खेळातल्या पात्रा-शस्त्रांच्या ताकदीचा समतोल बदलतात. कथा, जगाचा नकाशा, पात्रे आणि मूळ नियम सहसा बदलत नाहीत. आणि जे बदलते त्यावर आमच्या धंद्यात जुना उपाय आहे. ‘फाल्कन ४.०’ या १९९८ च्या विमानाच्या गेमची एक आवृत्ती सुमारे ६०० पानांच्या मॅन्युअलसह आली, आणि ते मॅन्युअल कडीच्या फाइलमध्ये लावलेले होते. अशा फाइलमधले पान काढून नवे पान घालता येते. आमच्याकडे सुधारित पाने अशीच पाठवतात.

एक गोष्ट आपल्या बाजूनेही सांगतो. २०१० पर्यंत बऱ्याच पुस्तिकांची रया आधीच गेली होती. चित्रे आणि कथा जाऊन काळ्या-पांढऱ्या चार-आठ पानांवर बटणांची आकृती, वॉरंटीची कलमे आणि टिपणासाठी कोरी पाने एवढेच उरले होते, आणि त्या पुस्तिकांसाठी मी हे पत्र लिहिले नसते. पण पुस्तिका खराब झाली म्हणून पुस्तिकाच नको, हा निष्कर्ष मी माझ्या साहेबांपुढे मांडला असता तर त्यांनी मला घरी पाठवले असते.

तिसरी तक्रार जतनाविषयी. गेल्या वर्षी मी एक गेम खोक्यासह विकत घेतला. आत डिस्क होती, अपस्माराच्या झटक्यांबाबतचा इशारा देणारी चिठ्ठी होती, आणि मॅन्युअलसाठी एका वेब पत्त्याकडे बोट दाखवलेले होते. तो पत्ता उघडला नाही. कंपनीचे नाव घेत नाही, कारण हे एका कंपनीचे दुखणे नाही. कायद्याने जे द्यावे लागते ते कागदावर आले, आणि ग्राहकाला जे हवे होते ते हवेत राहिले. पत्ते मरतात, सर्व्हर बंद होतात, दुकाने मिटतात. ३डीएस आणि वी यू यांचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद झाले. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसले की अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेले ८७ टक्के गेम आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. जिथे खेळच मिळत नाहीत तिथे त्यांच्या पुस्तिका कोण सांभाळणार? सांभाळल्या त्या चाहत्यांनी. स्वतःच्या पैशाने प्रती जमवून, पिना काढून, एकेक पान स्कॅन करून त्यांनी इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात हजारो मॅन्युअल ठेवली आहेत. ज्यांचे हक्क आपल्याकडे आहेत ती कागदपत्रे आपण टाकून दिलीत, आणि ज्यांनी उचलून ठेवली त्यांच्या डोक्यावर हक्कभंगाची टांगती तलवार मात्र कायम आहे. हे मला फार खटकते.

चौथी तक्रार भारतीय ग्राहकाची आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या गेमच्या पुस्तिकांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश अशा पाच-पाच भाषा असत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदवणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. त्यांच्यासाठी मराठीत एकही पुस्तिका माझ्या पाहण्यात आलेली नाही, आणि आता ती मागायची तर कशाचा अनुवाद मागायचा हाच प्रश्न आहे.

पुस्तिकांच्या लेखकांची नावेही बहुधा नसत. हे आमच्या धंद्यातही असेच असते, त्यामुळे जास्त बोलत नाही. पण हा उल्लेख इथे असावा असे वाटले.

लोकांना हे नकोच आहे, असे आपण म्हणाल तर ‘ट्युनिक’ या २०२२ च्या गेमकडे पाहावे. त्यात खेळाडू अनोळखी लिपीतल्या जुन्या धर्तीच्या मॅन्युअलचे एकेक पान गोळा करतो आणि त्या पानांवरूनच खेळाचे नियम उलगडत जातो. पुढे त्या मॅन्युअलची छापील प्रत वेगळी विक्रीला आली आणि लोकांनी ती पैसे देऊन घेतली.

माझ्या मागण्या फार नाहीत, आणि त्या हवेतल्याही नाहीत. आमची यंत्रे युरोपात जातात, त्यामुळे युरोपीय संघाचा २०२३/१२३० क्रमांकाचा यंत्रविषयक नियम मला वाचावा लागला आहे. तो २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो. त्यात मॅन्युअल डिजिटल स्वरूपात द्यायला परवानगी आहे, पण अटींवर : ते उतरवून घेता आणि छापता आले पाहिजे, यंत्र बाजारात आणल्यापासून किमान १० वर्षे इंटरनेटवर उपलब्ध राहिले पाहिजे, आणि खरेदीच्या वेळी ग्राहकाने कागदी प्रत मागितली तर ती एका महिन्यात विनामूल्य दिली पाहिजे. हा नियम गेमला लागू नाही. मी मागतो आहे ते एवढेच, की लेथ विकणाऱ्यावर जी जबाबदारी टाकली जाते ती आपण स्वतःहून स्वीकारावी.

म्हणजे, एक : प्रत्येक गेमसोबत संपूर्ण मॅन्युअलची छापता येईल अशी फाइल द्यावी. ती वेब पत्त्यावर तर असावीच, पण डिस्कवर किंवा गेमच्या फायलींतही असावी, म्हणजे पत्ता मेला तरी ती जिवंत राहील. जुने गेम विकणारे जीओजी हे दुकान अनेक खेळांसोबत मॅन्युअलची फाइल देते, त्यामुळे हे जमत नाही असे कुणी म्हणू नये. दोन : खोक्यातून विकल्या जाणाऱ्या आवृत्तीची किंमत पूर्ण घेणार असाल तर किमान एका फर्म्याची छापील पुस्तिका आत असावी; नसेल तर मागणाऱ्याला ती पाठवावी, आणि खोक्यावर तसे स्पष्ट लिहावे. तीन : जे गेम आपण विकणे थांबवले आहे त्यांची मॅन्युअल स्कॅन करून ठेवायला ग्रंथालये, संग्रहालये आणि अर्काइव्ह यांना लेखी परवानगी द्यावी, आणि आपल्या कपाटांतल्या मूळ फायली त्यांच्या हवाली कराव्यात. चार : मॅन्युअल लिहिणाऱ्याचे आणि चित्रे काढणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत असावे.

भारतातील वितरकांना वेगळी विनंती आहे. या चार मुद्द्यांवर आपल्या मूळ कंपनीची भूमिका काय, हे त्यांच्याकडून विचारून घेऊन जाहीर करावे, आणि पुढच्या मोठ्या गेमपासून निदान नियंत्रणे, कथा आणि सुरक्षेच्या सूचना एवढा भाग मराठी आणि इतर भारतीय भाषांत उपलब्ध करून द्यावा. तो लिहायला माणसे मिळत नाहीत, ही सबब कृपया सांगू नये. भोसरी, चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांसाठी मराठीत मॅन्युअल लिहिणारे आम्ही पुष्कळ आहोत, आणि आमचे पानामागचे दर विचारले तर लगेच कळवू.

कळावे,

आपला,
भोसरीतील एक मॅन्युअल-लेखक आणि आपल्या गेमचा ग्राहक